रोबोकॉपी आणि राखीव प्रतीचा प्रश्न : एक चिकित्सक विवेचन
(महाविद्यालयीन संगणकीय अभिलेखांच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयांचे प्रशासन, ग्रंथालय आणि संशोधन आता जवळजवळ सर्वस्वी संगणकावर अवलंबून आहे. तथापि या माहितीची नियमित राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घेण्याची शिस्त आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. विंडोज प्रणालीत अंगभूत असलेले 'रोबोकॉपी' हे साधन विनामूल्य, साधे आणि सर्वत्र उपलब्ध असल्याने या कामासाठी ते सहज सुचविले जाते. प्रस्तुत लेखात या साधनाचे गुण-दोष तपासले आहेत. हे साधन प्रत उत्तम करते. परंतु जुनी अवस्था जपणे, मूळ आणि प्रत यांत अंतर ठेवणे व झालेल्या कामाची समजेल अशी साक्ष देणे या तीन गोष्टी ते आपण होऊन करीत नाही. त्या संस्थेलाच कराव्या लागतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : राखीव प्रत, बॅकअप, रोबोकॉपी, अभिलेख जतन, पाठचिकित्सा, मराठी टंक.

१. प्रस्तावना

प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे त्या शाखेचा इतिहास उजेडात आला. दानाची नोंद तांब्यावर कोरली गेल्यामुळे ती दीड हजारांहून अधिक वर्षे जमिनीत आणि घरादारांत टिकून राहिली. याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील दिगंबर जैन ग्रंथभांडारांनी जतनाचा दुसरा मार्ग अनुसरला. कागद तांब्यासारखा टिकत नाही. म्हणून पोथीची नक्कल करायची, नकलेची पुन्हा नक्कल करायची आणि या नकला निरनिराळ्या गावांच्या भांडारांत ठेवायच्या, ही ती पद्धती होय. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत कारंज्याच्या भांडारांची नोंद झाली. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' यांसारखे अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात संपादित करून अभ्यासकांपुढे ठेवले. एका महाविद्यालयीन प्राध्यापकाला हे कार्य करता आले, कारण शतकानुशतके कोणीतरी नकला करीत राहिले होते.

जतनाचे हे दोन मार्ग आहेत : टिकाऊ माध्यम आणि अनेक प्रती. संगणकाच्या बाबतीत पहिला मार्ग आपल्याला बंद आहे. हार्ड डिस्क काही वर्षांत केव्हाही निकामी होते. २००० नंतरच्या दशकात आपण हौसेने भरून ठेवलेल्या सीडींपैकी अनेक आज वाचल्या जात नाहीत. पेन ड्राईव्ह तर हरवण्यासाठीच असते की काय असे वाटावे, अशी तिची कीर्ती आहे. संगणकाच्या युगात ताम्रपट नाही; पोथीचाच मार्ग अनुसरावा लागणार. म्हणजे नकला करणे, त्या नियमितपणे करणे आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आले.

नकला करण्याचे काम यंत्राकडे सोपवावे, हे ओघानेच येते. प्रश्न असा की, यंत्राकडे सोपविल्यावर नेमके काय सोपविले जाते आणि काय आपल्याकडेच उरते? या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष साधनाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. साधनाचे स्वरूप

'रोबोकॉपी' हे नाव 'भरवशाची फाईल-नक्कल' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून झाले आहे. १९९० च्या दशकात विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमध्ये, म्हणजे व्यवस्थापकांसाठीच्या पूरक साधनसंचात, ते प्रथम उपलब्ध झाले. विंडोज व्हिस्टा (२००७) पासून ते प्रत्येक विंडोज संगणकात मुळातच असते. त्याला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहायची : कोणता फोल्डर, कोठे न्यायचा आणि कोणत्या पर्यायांनी. ही एक ओळ एका छोट्या बॅच फाईलमध्ये साठवून 'टास्क शेड्युलर' या विंडोजच्याच दुसऱ्या सोयीला जोडली की, ठरलेल्या वेळी नक्कल आपोआप सुरू होते.

त्याची कार्यपद्धती समजण्यास सोपी आहे. मूळ फोल्डर आणि प्रतीचा फोल्डर यांतील फाईलींचे आकार व बदलाची वेळ ते ताडून पाहते. जी फाईल नवी आहे किंवा बदललेली आहे, तेवढीच उचलते. त्यामुळे पहिली नक्कल होण्यास काही तास लागले, तरी दुसऱ्या दिवसापासून ते काम काही मिनिटांत आटोपते. महाविद्यालयाच्या कार्यालयातील प्रवेशाच्या याद्या, शिष्यवृत्तीची प्रकरणे, सेवापुस्तकांची टिपणे, नॅकसाठी दरवर्षी पाठवावयाच्या गुणवत्ता अहवालाचे पुरावे ही सगळी सामग्री एका बाह्य हार्ड डिस्कवर रोज उतरवून घेण्यास एवढे पुरेसे आहे.

३. गुणांची नोंद

या साधनाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या साधेपणात आहे. त्याने केलेली प्रत ही नेहमीच्या फाईलींचीच असते. ती उघडण्यासाठी रोबोकॉपीची गरज पडत नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. विंडोज एक्सपीच्या काळात 'एनटीबॅकअप' नावाची अंगभूत सोय होती. ती सर्व सामग्री एका विशिष्ट स्वरूपाच्या मोठ्या फाईलमध्ये बांधून ठेवीत असे. व्हिस्टामधून ही सोय वगळण्यात आली. जुन्या प्रती उघडण्यासाठी वेगळा पूरक प्रोग्राम शोधून आणावा लागला. ज्यांनी निष्ठेने बॅकअप घेतले होते, त्यांनाच कुलूप शाबूत आणि किल्ली गहाळ असा अनुभव आला. साधनाच्या आयुष्याशी प्रतीचे आयुष्य बांधले जाऊ नये, ही कसोटी लावली तर रोबोकॉपी निःसंशय उत्तीर्ण होते.

दुसरा गुण खर्चाचा. अनुदान, वेतनेतर खर्च आणि खरेदीची प्रक्रिया यांच्या कचाट्यात सापडलेल्या ग्रामीण महाविद्यालयाला परवान्याचे वार्षिक शुल्क भरावे लागत नाही, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. मानोरा किंवा मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी तंत्रज्ञ लगेच मिळत नाही. अशा ठिकाणी संगणकात आधीपासूनच असलेले साधन अधिक भरवशाचे ठरते. तिसरा गुण असा की, त्याला इंटरनेट लागत नाही.

इतके असूनही 'रोबोकॉपी लावून दिली आहे, आता चिंता नाही' हे विधान धोक्याचे आहे. ते का, हे पुढे पाहू.

४. दोषांची चिकित्सा

(अ) आरसा आणि आठवण

रोबोकॉपीचा सर्वाधिक सुचविला जाणारा पर्याय 'एमआयआर' म्हणजे 'मिरर' हा आहे. त्याचा अर्थ असा की, प्रत ही मुळाचे तंतोतंत प्रतिबिंब असावी. मुळात जे आहे ते प्रतीत येईल. मुळात जे नाही ते प्रतीतून पुसले जाईल. येथेच मूलभूत अडचण आहे. एखाद्या लिपिकाने सोमवारी चुकून मागील वर्षाचा गुणपत्रकांचा फोल्डर पुसला आणि ही चूक बुधवारी लक्षात आली, तर तोपर्यंत सोमवारच्या व मंगळवारच्या रात्री रोबोकॉपीने तो प्रतीतूनही इमानेइतबारे पुसलेला असतो. फाईल नासली, तर नासलेली फाईल चांगल्या फाईलची जागा घेते. खंडणीखोर विषाणूने सर्व फाईली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद फाईलींचीच प्रत तयार होते. आरसा समोरचे दाखवतो. काल समोर कोण उभे होते हे त्याला ठाऊक नसते. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा झाला, तर आरसाही रिकामा होतो. बाह्य डिस्कच्या मुळाशीच प्रत ठेवण्याची आज्ञा दिली, तर त्या डिस्कवरील इतर सर्व सामग्री 'जादा' समजून काढून टाकली जाते.

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाईट, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाईली नाहीशा झाल्या. हे कृत्य कोणा शत्रूचे नव्हते. जुन्या नोंदी पुसण्याचे काम करणाऱ्या बॅकअपच्याच प्रोग्राममध्ये, तो चालू असताना, बदल करण्यात आला आणि त्याने नोंदींऐवजी संशोधकांच्या फाईली पुसल्या. १४ संशोधन गटांना याची झळ बसली आणि त्यांपैकी ४ गटांची सामग्री पुन्हा मिळू शकली नाही. तेथील साधन रोबोकॉपी नव्हते, हे मान्य. परंतु धडा तोच आहे. ज्या साधनाला पुसण्याचा अधिकार दिला जातो, ते राखणदार असते तसेच धोकादायकही असते.

(आ) उघड्या फाईली

कार्यालयातील सर्वांत मोलाच्या फाईली बहुधा नेहमी उघड्या असतात. लेखा विभागात टॅली चालू असते. ग्रंथालयात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'सोल' किंवा तत्सम प्रणाली दिवसभर चालते आणि तिचा डेटाबेस सर्व्हर या फाईली धरून बसलेला असतो. अशा फाईलींची सरळ नक्कल एक तर होत नाही, किंवा झाली तरी अर्धवट अवस्थेतील होऊ शकते. अशा प्रणालीतून प्रथम तिच्याच बॅकअपच्या आज्ञेने प्रत काढायची आणि मग रोबोकॉपीने ती अन्यत्र न्यायची, असा दोन पायऱ्यांचा क्रम ठेवणे आवश्यक आहे. एका पायरीने भागत नाही.

येथे रोबोकॉपीची आणखी एक विलक्षण मूळ योजना नोंदविणे अगत्याचे आहे. एखादी फाईल उचलता आली नाही, तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. आणि असे प्रयत्न किती करावेत याचा वेगळा आकडा दिला नाही, तर ते १० लाख वेळा करते. हिशेब केला तर एका अडलेल्या फाईलपाशी हे साधन सुमारे ३४७ दिवस थांबून राहू शकते. त्याच्या मागे रांगेत असलेल्या फाईलींची नक्कल तोवर होत नाही. प्रयत्नांची संख्या दोन-तीनवर आणणारा पर्याय आज्ञेत लिहिला की हा दोष जातो. पण तो लिहायला हवा, हे ठाऊक असणारा माणूस लागतो.

(इ) साक्षीचा अभाव

पोथीच्या शेवटी लेखक पुष्पिका लिहीत असे. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी आणि कोणी ही प्रत केली, याची ती नोंद असे. आज संपादकाला प्रतीची विश्वासार्हता ठरवण्यास पुष्पिकेचाच आधार मिळतो. रोबोकॉपीलाही पुष्पिका लिहिता येते, तिला 'लॉग' म्हणतात. मात्र ती मागितल्याशिवाय फाईलमध्ये साठवली जात नाही. साध्या लॉगमध्ये देवनागरीतील फाईलींची नावे प्रश्नचिन्हांच्या रांगेत रूपांतरित होतात. नावे वाचता येण्यासाठी 'युनिलॉग' हा निराळा पर्याय वापरावा लागतो. 'शिष्यवृत्ती' आणि 'सेवापुस्तक' ही दोन्ही नावे नुसती प्रश्नचिन्हे झाल्यावर काय राहिले आणि काय सुटले, हे कोण सांगणार?

त्याहून मोठा घोटाळा संकेतांकांचा आहे. काम संपल्यावर रोबोकॉपी एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काही नक्कल करावे लागले नाही. एक म्हणजे फाईलींची नक्कल यशस्वी झाली. आठ किंवा त्याहून मोठा अंक म्हणजे काही फाईली राहिल्या. परंतु टास्क शेड्युलरसारख्या अन्य सोयींमध्ये शून्य म्हणजे यश आणि बाकी सर्व म्हणजे अपयश, हा सर्वसाधारण संकेत आहे. परिणामी, नक्कल व्यवस्थित झाली त्या दिवशी पडद्यावर अपयशासारखा दिसणारा अंक येतो आणि चुकीचा फोल्डर दिल्यामुळे काहीच नक्कल झाली नाही त्या दिवशी यशाचा. हा अंक वाचण्याची किल्ली कर्मचाऱ्याला कोणी दिलेली नसते. काही दिवसांत तो त्याकडे पाहणेच सोडून देतो.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. नक्कल रात्री अकरा वाजता लावली जाते; कार्यालयाचे संगणक मात्र सायंकाळी साडेपाचला बंद होतात. चुकलेले काम संगणक सुरू होताच करावे, ही खूण टास्क शेड्युलरमध्ये मुद्दाम करावी लागते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काम सुरूच करू नये, ही खूण मात्र आधीपासून केलेली असते. भारनियमनाचा दीर्घ अनुभव असलेल्या विदर्भात या दोन बारीक चौकटींवर किती बॅकअप अडून राहिले असतील, याची कल्पना करता येईल. २०१७ च्या जानेवारी अखेरीस 'गिटलॅब' या संगणक-व्यावसायिकांच्याच कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप बरेच दिवस अपयशी ठरत होते आणि त्याची सूचना देणारे ई-मेल पोहोचतच नव्हते, असे उघड झाले. तज्ज्ञांची ही गत, तर इतरांनी साधनाच्या मौनाला यश मानणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको.

(ई) एका छताखालची प्रत

बाह्य हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवली की नक्कल आपोआप होते. म्हणून बहुतेक ठिकाणी ती तशीच ठेवली जाते. सोयीच्या या निर्णयामुळे मूळ आणि प्रत एकाच टेबलावर, एकाच विजेच्या तारेवर आणि एकाच विषाणूच्या तावडीत येतात. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत चौथ्या मजल्यापासून वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या नस्ती जळाल्या. त्यानंतर ज्या नस्त्यांच्या प्रती अन्य कार्यालयांत होत्या, त्यांचीच पुनर्बांधणी सुकर झाली. कागदाच्या या शोकांतिकेतून संगणकाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे.

दुसरे उदाहरण जागतिक असले, तरी त्याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली होती. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाच्या कंपनीमार्फत चालणाऱ्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्याची किल्ली सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांचे आरसे होते आणि त्यामुळे ते परस्परांचे बॅकअप आहेत असे गृहीत धरले होते. विषाणूने सर्वच्या सर्व आरसे एकदम फोडले. वाचला तो केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर. कारण हल्ल्यापूर्वी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याला आपण नेहमीच दोष देतो. येथे मात्र तिने तोडलेल्या प्रतीनेच कंपनी सावरली. म्हणून राखीव प्रतीपैकी किमान एक प्रत जाळ्यापासून आणि विजेच्या तारेपासून तुटलेली असली पाहिजे. रोबोकॉपी हे करू शकत नाही. डिस्कची तार उपसून ती दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

५. प्रत आहे, पण वाचता येते का?

आतापर्यंतचे दोष साधनाचे होते. मराठीच्या संदर्भात एक दोष साधनाच्या पलीकडचा आहे. आपल्या महाविद्यालयांतील २००० च्या दशकातील प्रश्नपत्रिका, स्मरणिका आणि पीएच.डी.चे प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांत जुळविलेले आहेत. या टंकांत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवतो आणि टंक त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. टंक नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. रोबोकॉपीच्या दृष्टीने ही प्रत परिपूर्ण आहे. एकही अंश सुटलेला नाही. वाचकाच्या दृष्टीने मात्र ती मुकी आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे महानुभाव पंथाच्या ग्रंथांचे स्मरण होईल. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या या पोथ्या मठांत सुरक्षित होत्या. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत मराठीतील हे आद्य गद्य बाहेरच्या वाचकाला असून नसल्यासारखे होते. याच परंपरेत प्रत हरवल्याचीही कथा आहे. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि पुढे हिराइसा प्रभृतींच्या स्मरणातून तिचे पुनर्लेखन झाले, असे परंपरा सांगते. आजच्या पाठभेदांचे एक मूळ तेथे आहे. स्मरणावर एवढा भार घेणारी माणसे त्या काळी होती. आज आपल्या कार्यालयातील एकाही प्रवेशयादीचे पुनर्लेखन कोणाच्या स्मरणातून होणार नाही.

या ठिकाणी काय पणाला लागले आहे, ते नीट लक्षात घेतले पाहिजे. गुणपत्रकाची दुसरी प्रत विद्यापीठात मिळेल. सेवापुस्तक सहसंचालक कार्यालयातील कागदांवरून पुन्हा बांधता येईल. पण मानोरा तालुक्यातील पोहरादेवी परिसराच्या तांड्यांवर एखाद्या प्राध्यापकाने वीस वर्षांपूर्वी मुद्रित केलेल्या लेंगी गीतांचे काय? गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. गाणाऱ्या वृद्धा आज हयात असतीलच असे नाही. त्या ध्वनिफिती जर एकाच संगणकात असतील आणि तो संगणक निर्लेखनाच्या यादीत भंगारात गेला, तर ते नुकसान एका प्राध्यापकाचे न राहता एका समाजाच्या स्मृतीचे होते. आपल्या विभागांतील लघुसंशोधन प्रकल्पांची मूळ सामग्री आज कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

६. अन्य पर्यायांचा तौलनिक विचार

रोबोकॉपीचे दोष अन्य साधने दूर करतात का? काही अंशी करतात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'आरसिंक' हे लिनक्सच्या जगातील प्रमुख साधन होय. बदललेल्या फाईलचा केवळ बदललेला भाग ते जाळ्यावरून पाठवू शकते. त्याच्या आधारे रचलेले 'आरस्नॅपशॉट' दररोजची वेगळी अवस्था कमी जागेत राखते, म्हणजे आरशाला आठवण जोडते. विंडोज ८ (२०१२) मध्ये आलेली 'फाईल हिस्टरी' ही सोयही जुन्या आवृत्त्या जपते. परंतु ती मुख्यतः वापरकर्त्याच्या ठरावीक फोल्डरपुरती असते आणि कार्यालयातील माहिती बहुधा 'डी' ड्राईव्हवर स्वतंत्र फोल्डरात असते. तेव्हा तो फोल्डर तिच्या कक्षेत मुद्दाम आणावा लागतो.

क्लाऊडवरील साठवणीचा पर्याय अलीकडे सर्रास सांगितला जातो. ती दुसऱ्या ठिकाणची प्रत आहे, हा तिचा लाभ खरा. पण संगणकाशी जुळवून ठेवलेला क्लाऊड फोल्डर हाही आरसाच आहे. गूगल ड्राईव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाईल ३० दिवसच राहते. शैक्षणिक संस्थांना मिळणारी अमर्याद जागा २०२२ मध्ये संपुष्टात आली. शिवाय विभागाची सामग्री एखाद्या प्राध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यात असेल, तर त्याच्या निवृत्तीबरोबर तीही निवृत्त होते. सारांश, प्रत्येक साधन एखादा दोष काढते. जबाबदारी मात्र कोणतेही साधन उचलत नाही.

७. काही मर्यादित सूचना

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी २००५ मध्ये मांडलेले सूत्र आजही उपयुक्त आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. आपल्या परिस्थितीत ते पुढीलप्रमाणे अंमलात आणता येईल.

१) रोबोकॉपी वापरावी, परंतु 'एमआयआर' पर्यायाऐवजी रोज वाराच्या नावाच्या व महिनाअखेरीस महिन्याच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात नक्कल करावी. जागा जास्त लागते; पण कालची अवस्था हाती राहते.

२) आज्ञा प्रथम 'एल' या पर्यायासह चालवून पाहावी. त्यात प्रत्यक्ष काही न करता काय केले जाईल याची केवळ यादी मिळते.

३) दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात. एक जोडलेली असेल तेव्हा दुसरी अन्य इमारतीत कुलुपात असावी.

४) या डिस्कवर विद्यार्थ्यांचे आधार व बँक खात्यांचे क्रमांक असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर ही जोखीम केवळ नैतिक राहिलेली नाही. म्हणून अन्यत्र जाणारी डिस्क सांकेतिक कुलपाने बंद करावी आणि त्या कुलपाचा शब्द प्राचार्यांकडे मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावा. डिस्क कोणाच्या घरी जाता कामा नये.

५) जुन्या टंकांतील फाईलींबरोबर तो टंक आणि त्याच फाईलीचे पीडीएफ रूप ठेवावे. शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावा.

६) दर सत्रात एकदा, प्रत ज्याने केली नाही अशा व्यक्तीने, वेगळ्या संगणकावर, यदृच्छेने निवडलेल्या दहा फाईली उघडून पाहाव्यात आणि त्याची नोंद तारीख व स्वाक्षरीसह नोंदवहीत करावी.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे आणि अनुभव असा की, तीच सर्वांत कमी पाळली जाते. प्रयोगशाळेतील जडसंग्रह नोंदवहीची पडताळणी आपण दरवर्षी करतो. ग्रंथालयातील पुस्तके मोजतो. मग ज्या माहितीवर संस्थेचे अस्तित्व उभे आहे, तिचीच पडताळणी कोणाच्याही कार्यसूचीवर नसावी, हे समर्थनीय नाही.

८. निष्कर्ष

रोबोकॉपी हे वाईट साधन नाही. त्याने केलेली प्रत कोणत्याही संगणकावर उघडते आणि ग्रामीण महाविद्यालयाच्या ऐपतीत ते बसते. या कारणांसाठी त्याचा स्वीकार करावा, असेच प्रस्तुत विवेचनातून निष्पन्न होते. परंतु ते नकलनवीस आहे, भांडारपाल नाही. आरशाचा पर्याय वापरला तर ते जुनी अवस्था पुसते, अडलेल्या फाईलपाशी थांबते, अपुऱ्या नोंदी ठेवते आणि प्रत वाचता येते की नाही याची विचारपूस करीत नाही. हे सर्व दोष माहीत असलेल्या माणसाच्या हातात ते उपयोगी, आणि माहीत नसलेल्याच्या हातात खोटा दिलासा देणारे आहे. खोटा दिलासा हा बॅकअप नसण्यापेक्षा अधिक घातक. कारण बॅकअप नाही हे ठाऊक असलेला माणूस निदान सावध असतो.

कारंज्याच्या भांडारांतून ग्रंथ बाहेर आले ते केवळ नकला झाल्या म्हणून नव्हे. कोणीतरी पोथ्या उघडल्या, सूची केली, प्रती ताडून पाहिल्या आणि वाचल्या. पाठचिकित्सेतील हे अखेरचे काम संगणकाच्या राखीव प्रतीलाही लागू आहे. ते यंत्राकडे सोपविता येत नाही आणि कोणा एका लिपिकावर ढकलताही येत नाही. ते संस्थेचे, आणि पर्यायाने तेथे शिकविणाऱ्या प्रत्येकाचे आहे.